एक चौरस मीटर माळ: आठवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

२ जून

शाळेमागच्या माळावर आज दोन चौकटी आखल्या. दोन्ही एक मीटर बाय एक मीटर, चार खुंट्या आणि सुतळी. पहिल्या चौकटीभोवती थोडी जागा सोडून बोराट्यांचं कुंपण घातलं, म्हणजे शेळ्या-मेंढ्या आत शिरणार नाहीत. दुसरी उघडीच ठेवली. वर्षभर दोन्हींत काय काय होतं ते लिहायचं, एवढाच प्रकल्प.

पुस्तकात परिसंस्था म्हटलं की घनदाट जंगलाचं चित्र येतं. वर वाघ, खाली हरिण, त्याखाली गवत. आमच्या मुलांनी असं जंगल पाहिलेलं नाही. ती पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची, सुप्याच्या बाजूची. इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मन लावून पडला तर. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा दिसतो, पण तिथेही बघायला लोक येतात ते हरणांना. ज्या गवतावर ती हरणं उभी असतात त्याच्याकडे कोणी बघत नाही.

दुसरं कारण मी मुलांना आज सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते. या माळावर खड्डे घेऊन झाडं लावायची, असा विषय गावात निघाला आहे. कागदोपत्री माळ म्हणजे पडीक जमीन. निर्णय होण्याआधी मुलांनी ती जमीन नीट पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

आजची मोजणी. उघडी चौकट: वाळलेल्या गवताचे ११ ठोंब, शेळीच्या ४३ लेंड्या, मुंग्यांचं एक बीळ, बाकी मुरूम. कुंपणातली चौकट: १३ ठोंब, २९ लेंड्या. "बाई, इथे तर काहीच नाही," असं एक मुलगी म्हणाली. तिचं वाक्य तसंच वहीत लिहून घेतलं.

१४ जून

डब्याच्या पर्जन्यमापकात दोन दिवसांत २२ मिलिमीटर पाणी. आज चौथा दिवस, आणि प्रत्येक ठोंबातून हिरवी पाती वर आली आहेत. मे महिनाभर जे मेलेलं दिसत होतं ते मेलेलं नव्हतं.

हे कसं, यावर आजचा सगळा तास गेला. झाडाचा वाढणारा कोंब फांदीच्या टोकाला असतो. शेळीने शेंडा खाल्ला की तिथली वाढ थांबते. गवताचं वाढीचं ठिकाण बुडाशी, जमिनीला टेकून किंवा थोडं मातीत असतं. वरचं पान खाल्लं, वाळलं, जळलं, तरी खालून ते पुन्हा पुढे सरकतं. चरणारी जनावरं आणि अधूनमधून लागणारा वणवा यांच्याबरोबरच गवत घडत आलं आहे.

चौकटीबाहेरचा एक ठोंब खणून काढला. वरचं गवत वीतभरही नव्हतं. मुळं तीस सेंटिमीटरच्या पट्टीपलीकडे गेली आणि मुरमात शिरली. तिथे आमचं खुरपं थांबलं, मुळं थांबली नव्हती. धुऊन वर्तमानपत्रावर पसरली तेव्हा मुलं गप्प झाली. माळाचा मोठा भाग जमिनीखाली आहे, हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ती मुळं हातात घेणं फार वेगळं होतं.

२९ जून

शेणाचा दिवस. पहाटे गाय चरून गेली होती, ताजा पो सापडला. आम्ही पाच जण घड्याळ लावून बाजूला बसलो. सतराव्या मिनिटाला पहिला शेणकिडा गुणगुणत आला आणि धपकन पडला. तासाभरात चौदा मोजले, पुढे मोजणं अवघड झालं. काही शेणाच्या गोळ्या करून मागच्या पायांनी ढकलत नेत होते, काही थेट पोच्या खालीच बोगदा करून शेण आत ओढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची पापडी उरली होती. काडीने उचलली तर खाली पोकळ, आणि मातीत बोटाएवढी भोकं.

त्या भोकांतून पावसाचं पाणी आत जातं. शेणातला नायट्रोजन उन्हात उडून जाण्याऐवजी मुळांपाशी पोचतो. माश्यांना अंडी घालायला जागा कमी उरते. किडा आपल्या पिल्लांसाठी अन्न साठवतो, त्याला गवताशी देणंघेणं नाही, तरी गवताचं खत तोच पेरतो.

इथे एक फरक मुलांकडून घोटून घेतला. शेणकिडा, वाळवी, गांडूळ हे मेलेलं किंवा टाकलेलं खाऊन त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतली द्रव्यं सुटी करून मातीत परत देण्याचं शेवटचं काम जिवाणू आणि बुरशीचं. त्यांना विघटक म्हणायचं. परीक्षेत दोन्ही एकाच ओळीत येतात, माळावर ती दोन वेगळी कामं आहेत.

१९ जुलै

तेरा दिवस पाऊस नाही. पात्यांची टोकं पिवळी. मोजणी केली, वेगळं काही नाही.

६ ऑगस्ट

मधे चांगला पाऊस झाला आणि माळ ओळखू येईना. आज दोन्ही चौकटींत वेगवेगळ्या वनस्पती मोजल्या. सगळ्यांची नावं आम्हाला येत नाहीत, म्हणून प्रत्येकीचं चित्र काढून क्रमांक दिला. उघड्या चौकटीत १७ प्रकार, कुंपणातल्या चौकटीत १४. मुलांचा अंदाज उलटा होता. जनावर येत नाही तिथे जास्त प्रकार असणार, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. एका वर्षाच्या दोन चौकटींवरून छातीठोक काही सांगता येणार नाही. पण कुंपणात कुसळी उंच वाढली आहे आणि तिच्या सावलीत लहान रोपटी कमी दिसतात, हे डोळ्यांना दिसतंय. उघड्या बाजूला शेळ्या उंच गवत खातात, बुटक्यांना ऊन मिळतं.

उन्हाळी नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप मुळासकट उपटलं. मुळांवर बारीक गाठी होत्या. नखाने फोडल्यावर आतून गुलाबी. तो गुलाबी रंग म्हणजे गाठीतले जिवाणू कामावर आहेत. हवेतला नायट्रोजन ते झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, झाड त्यांना साखर पुरवतं. हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मुळांवरही हेच असतं, हे ऐकल्यावर शेतकऱ्यांच्या पोरांनी घरी जाऊन तुरीची रोपं उपटली. उद्या पालकांकडून माझ्याकडे तक्रार येईल, ती मी आनंदाने ऐकून घेईन.

जाता जाता वारुळाच्या कडेला अळंबी दिसली. आमच्याकडच्या काही वाळव्या सुकलेलं गवत आणि काडीकचरा आत नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. पावसात त्याच बुरशीची छत्री वर येते. म्हणजे कोरडं गवत, जे शेळीही खात नाही, ते वाळवीमुळे मातीत जातं.

२ सप्टेंबर

आज ऊर्जेचा धडा. चौकटीजवळच अर्धा चौरस मीटर गवत जमिनीलगत कापलं, आठवडाभर वाळवलं, किराणा दुकानातल्या काट्यावर तोललं: ९६ ग्रॅम.

मग फळ्यावर लिंडेमनची गोष्ट सांगितली. 'परिसंस्था' ही कल्पना १९३५ मध्ये टॅन्सली या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडली: सजीव आणि त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग मिळून एकच व्यवस्था. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन अभ्यासकाने मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यात बसून शेवाळापासून माशांपर्यंत ऊर्जा कशी जाते याचा हिशोब मांडला. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला तेव्हा तो हयात नव्हता. वय सव्वीस. वर्गात कोणीच बोललं नाही, मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, त्याला कळलं का, छापून येणार ते?" लेख स्वीकारला गेल्याचं त्याला माहीत होतं, एवढं मी सांगू शकले.

हिशोब साधा आहे. खाल्लेल्यातला बराच भाग श्वासात, हालचालीत, उष्णतेत आणि विष्ठेत जातो. पुढच्या पायरीला साधारण दहावा हिस्सा पोचतो. कुठे पाच टक्के, कुठे वीस, दहा हा हाताशी धरायचा आकडा. दहा किलो गवत, त्यातून एक किलो नाकतोडे, त्यातून शंभर ग्रॅम सरडे, त्यातून दहा ग्रॅम कापशी घार. मुलांनी आकडे मांडले आणि एकाने मान वर करून तारेवरच्या कापशीकडे बघितलं. "म्हणून ती एकच असते."

या वाक्यासाठी मी तीन महिने थांबले होते.

द्रव्यं फिरत राहतात. नायट्रोजन मातीतून गवतात, गवतातून शेळीत, लेंडीतून परत मातीत. ऊर्जा मात्र फिरत नाही. ती सूर्याकडून येते, पायरीपायरीने उष्णता होऊन निघून जाते, आणि रोज नव्याने यावी लागते. हा फरक कळला की बाकीचा धडा आपोआप उलगडतो.

११ सप्टेंबर

कालच्या चर्चेतून निघालेला प्रश्न: वरची पायरी काढली तर? घार नाहीशी झाली तर गवताला काय फरक पडेल?

याचं उत्तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. आणि खाली, गळ्याशी निळी-नारिंगी पंख्यासारखी कातडी फुलवणारे सरडे कितीतरी जास्त. पण हे जास्त सरडे सुखात नव्हते. ते बारीक होते, कारण खाणारी तोंडं वाढली. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते, नरांच्या गळ्याचा रंगही फिका होता. आकाशातला पक्षी कमी झाला आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग बदलला.

या सरड्यांच्या गटाला २०१६ मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं ते 'सरडा', आपल्या मराठीतूनच घेतलेलं. हे ऐकून वर्गात झालेला आनंद मला लिहिता येत नाही.

१८ ऑक्टोबर

कुसळी पिकली. सगळ्यांचे पायमोजे कुसळांनी भरलेले. आज कुसळाचाच प्रयोग केला.

एक कुसळ ओल्या बोटाने भिजवून काचेवर ठेवलं. त्याचं पिळलेलं शेपूट हळूहळू उलगडायला लागलं आणि पूर्ण कुसळ गोल फिरलं. वाळताना पुन्हा पीळ बसला. दव पडतं तेव्हा एकीकडे, ऊन तापतं तेव्हा दुसरीकडे, असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत खुपसतं. टोक अणकुचीदार, आणि त्यावरचे केस मागे वळलेले, म्हणून आत गेलेलं बाहेर येत नाही. मेंढीच्या लोकरीत अडकलं तर मैलभर लांब जातं. धनगर मंडळींना या कुसळांचा त्रास होतो, ती मेंढीच्या कातडीत शिरतात. एकाच गोष्टीचं एकाला वाहन आणि दुसऱ्याला दुखणं.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट तांडे, कोकणाकडे निघाले. दरवर्षी माळावर उतरणारे आबा निरोप घ्यायला शाळेत आले. मी त्यांना चौकटी दाखवल्या. कुंपणातलं गवत आडवं पडून राखाडी झालं होतं. आबांनी काठीने ते उचकटून खाली बघितलं.

"हे म्हातारं झालं बाई. खाल्लं नाय तर गवत म्हातारं व्हतं. आणि लई खाल्लं तर मरतं."

"मग किती खायचं, आबा?"

"येक दिस बसायचं, उठायचं, फुडं जायचं. मेंढराला ठावं हाय."

चराईबद्दल एवढं नेमकं मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. प्रश्न जनावर किती आहेत एवढाच नाही, ती एका जागी किती वेळ थांबतात आणि त्या जागेला परत यायला किती अवधी देतात, हाही आहे.

मुलांनी विचारलं, रात्री मेंढ्या कुठे असतात? ज्याच्या रानात खत हवं त्याच्या रानात. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. मुलांनी लगेच बाण काढले: माळावरचं गवत, मेंढीच्या पोटातून, लेंड्या होऊन कांद्याच्या वावरात. म्हणजे माळ आणि शेत या दोन परिसंस्थांमध्ये रोज संध्याकाळी मेंढीच्या पायाने खताची वाहतूक चालते. पडीक म्हटलेली जमीन पिकाऊ जमिनीला पोसते. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलं आहे.

१२ डिसेंबर

संध्याकाळी मुलांना घेऊन थांबले. भोवत्या, म्हणजे गवतावर शिकार करणारे पक्षी, आले. गवताच्या वर हातभर उंचीवरून तरंगत, पंख उचलून धरलेले. अंधार पडताना ते झाडावर नाही, जमिनीवर, उंच गवतात उतरले. मध्य आशियातून ते हिवाळ्याला इथे येतात आणि नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी खातात. झाडावर बसण्याची त्यांना गरज नाही. मोजले: ९.

९ जानेवारी

सकाळी माळावर गेलो तर पूर्वेच्या बाजूला ओळीने खड्डे. यंत्र आणून दोन दिवसांत घेतले, ग्रामसभेत विषय यायच्या आधीच. आमची उघडी चौकट त्या ओळीत होती. एक खुंटी मातीच्या ढिगात सापडली. सुतळी नाही.

मुलं रडली नाहीत, चिडली. मी मात्र बराच वेळ काही बोलू शकले नाही. सात महिन्यांच्या नोंदी त्या एका मीटरच्या होत्या.

लावणाऱ्यांचा हेतू वाईट नाही हे मला माहीत आहे. त्यांना सावली हवी आहे, गाव हिरवं दिसायला हवं आहे. पण इथली हिरवाई चार महिन्यांची असते आणि उरलेले आठ महिने ती पिवळी असते, त्या पिवळ्यालाही काम आहे. माळढोक जमिनीवर, उघड्यावर अंडं घालतो, बहुधा एकच. सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला असेल. त्याला जंगल नको आहे. टिटवीला, चंडोलाला, धाविकाला नको आहे. आणि खड्ड्यांत लावायला आणलेली रोपं गिरिपुष्पाची आहेत, मध्य अमेरिकेतून आलेल्या झाडाची.

खड्ड्याच्या भिंतीत कापलेली मुळं लोंबत होती. पन्नास सेंटिमीटर खोलीलाही होती. मुलांनी पट्टी धरून फोटो काढले.

२६ जानेवारी

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर मुलांना चार मिनिटं मिळाली. त्यांनी मुळांचा गठ्ठा, शेणकिड्यांचा तक्ता आणि आबांचं वाक्य मांडलं. एका ज्येष्ठांनी उठून विचारलं, झाडाला विरोध करायला शाळेने शिकवलं का? आमच्यातली सर्वांत लाजरी मुलगी उभी राहिली. "आम्हाला झाडं पाहिजेत. ओढ्याला पाहिजेत, शाळेला पाहिजेत, रस्त्याला पाहिजेत. माळावर गवत आधीच लावलेलं आहे."

तासभर बोलणं चाललं, काही कडू झालं. ठरलं ते असं: पश्चिमेचा माळ यंदा खणायचा नाही, उरलेली रोपं ओढ्याकाठी, तीही कडुनिंब, करंज, बाभूळ अशी बदलून घ्यायची. खणलेले खड्डे तसेच राहिले. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मला पूर्ण समाधान नाही.

१७ मार्च

ओढ्याच्या वळणावर मेलेला बैल टाकला होता. सात दिवस लांबून नोंद ठेवली. पहिले तीन दिवस फक्त कुत्री आणि कावळे, चौथ्या दिवशी वासाने तिकडून जाता येईना, सातव्या दिवशीही अर्धं शिल्लक.

माझ्या वडिलांच्या आठवणीत असा सांगाडा दुसऱ्या दिवशी स्वच्छ असायचा. गिधाडं उतरायची. १९९० च्या दशकात ती झपाट्याने संपली. कारण २००४ मध्ये नक्की झालं: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात गुरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर काही जातींची शंभरातली पंचाण्णवहून जास्त गिधाडं गेली होती. गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली, पण काम तेवढं झालं नाही, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजची भीती वाढली. साखळीतली एक कडी निघाली की तिचं काम कोणीतरी करतं, पण त्याच प्रकारे आणि त्याच किमतीत करत नाही.

मुलांपैकी कोणीही गिधाड पाहिलेलं नाही.

११ जून

पहिला मोठा पाऊस, ३१ मिलिमीटर. वर्ष पूर्ण. आता ही मुलं नववीत गेली आहेत, तरी नोंदीला सगळी आली.

खड्ड्यांतली गिरिपुष्पाची रोपं: पाहिलेल्या ४० पैकी ६ जिवंत. खड्ड्यांच्या कडेच्या उकरलेल्या मातीवर तरोटा आणि गाजर गवत दाट उगवलं आहे. गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली, तेव्हापासून जिथे माती उघडी पडते तिथे ते पहिलं पोचतं. कुसळीचं एकही रोप त्या मातीवर नाही. उकरलेल्या जागी आधी असे घाईचे पाहुणे येतात, मग अनेक वर्षांनी जुनी गवतं परततात, तेही आजूबाजूला ठोंब आणि बी शिल्लक असेल तर. इथे पश्चिमेला आहे.

कुंपणातली चौकट: ठोंब १२, त्यातला एक मेलेला. आबांच्या सांगण्यावरून कुंपण फेब्रुवारीत पंधरा दिवस उघडलं होतं.

नवी उघडी चौकट खड्ड्यापासून चार मीटरवर आखली, खुंट्या लोखंडी. आठवीच्या नव्या वर्गातल्या तिघांनी मोजणी केली: ९ ठोंब, १८ लेंड्या, मुंग्यांची दोन बिळं. बिळाच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफलं गोल पसरलेली होती. त्यातली एक मुलगी आजूबाजूला बघून म्हणाली की इथे काही नाहीच की. गेल्या वर्षीची मुलगी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि खुरपं मागितलं.